यवतमाळचं बंद स्टेशन: शकुंतलेच्या फाट्याची पार्श्वभूमी

वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेजचं काम पुढं सरकायला लागल्यापासून यवतमाळच्या जुन्या नॅरोगेज स्टेशनाबद्दल परत बोलणं सुरू झालंय, आणि मुंबईत कोणापुढे शकुंतलेचं, म्हणजे मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणाऱ्या जुन्या नॅरोगेज गाडीचं, नाव काढलं की हमखास एकच वाक्य ऐकू येतं, "अरे ती ना, ती अजून इंग्रजांच्या मालकीची आहे, आपण त्यांना दरवर्षी पैसे देतो". ऐकणारे चुकचुकतात आणि विषय तिथंच संपतो. मला हे फार खटकतं, कारण त्या एका वाक्याखाली सगळी खरी हकीकत दबून जाते. शकुंतला ही मुंबईच्या कापूस बाजारासाठी टाकलेली लाईन, तिचा कारभार मुंबईच्या फोर्टमधून चालायचा, आणि ती ज्या मालकीच्या घोळामुळे हळूहळू मेली तो घोळ पण इथल्याच कागदांवर तयार झालेला. यवतमाळचं स्टेशन म्हणजे एका अर्थानं कॉटन ग्रीनचं, मुंबईच्या कापूस गोदामांच्या भागाचं, दुसरं टोक. तेव्हा बाकी कोणी नाही तरी मुंबईकरांनी ही पार्श्वभूमी नीट माहीत करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

आधी नकाशा डोळ्यापुढे आणा. सीएसएमटीहून नागपूरला जाणाऱ्या मेन लाईनवर अकोल्याच्या पुढे मूर्तिजापूर लागतं. तिथून नॅरोगेजचे दोन फाटे फुटायचे, एक खाली आग्नेयेला कारंजा, दारव्हा करत यवतमाळपर्यंत, ११३ किलोमीटर, आणि दुसरा वर उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरपर्यंत, ७६ किलोमीटर. (दर्यापूरच्या स्टेशनाचं नाव मात्र बनोसा, बाहेरच्या माणसाचा तिथं गोंधळ ठरलेला.) दोन्ही मिळून १८९ किलोमीटर, रुळांमधलं अंतर अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. चार जिल्ह्यांतून जाणारी गाडी, यवतमाळ, वाशीम, अकोला आणि अमरावती, आणि सगळा पट्टा काळ्या कापसाच्या जमिनीचा.

गोष्ट सुरू होते १८५३ मध्ये. एप्रिलच्या १६ तारखेला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं, पण त्यानंतर जेमतेम महिन्याभरानं निजामानं कंपनी सरकारशी तह करून, फौजेच्या खर्चाची थकबाकी भागवायला, वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं हे फारसं कोणी जोडून बघत नाही. एका बाजूला मुंबईतून निघालेली रेल्वे आणि दुसऱ्या बाजूला देशातला एक उत्तम कापूस पिकवणारा मुलूख, दोन्ही एकाच उन्हाळ्यात एकाच सत्तेच्या हातात आले. त्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा आणि तिथून नावांनी कलकत्त्याला. म्हणजे वऱ्हाडचं तोंड तेव्हा मुंबईकडे नव्हतंच, ते रेल्वेनं वळवलं.

मग १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांनी हिंदुस्थानाकडे धाव घेतली. मुंबईत त्या चार-पाच वर्षांत पैशाचा नुसता पूर आला, बॅकबेच्या शेअरांचा सट्टा, नव्या नव्या बँका, आणि १८६५ ला युद्ध संपल्यावर सगळं कोसळलं, ते वेगळं प्रकरण आहे. आपल्याला महत्त्वाचं एवढंच की थळ घाट ओलांडून जीआयपी रेल्वे (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, बोरीबंदरहून निघालेली तीच कंपनी) वऱ्हाडात पोचली ती याच धामधुमीत, आणि १८६७ ला नागपूरला गेली, तेव्हा युद्ध संपून दोन वर्षं झाली होती. पण एव्हाना सगळ्यांना कळलं होतं की कापूस हवा असेल तर रूळ कापसाच्या बाजारपेठेपर्यंत नेले पाहिजेत, मेन लाईनवर वाट बघत बसून चालणार नाही. म्हणून १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा छोटा फाटा टाकला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाईसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले होते, आणि पाठोपाठ बडनेरा ते अमरावती. दोन्ही अगदी थोड्या मैलांचे फाटे, पण दोन्ही गावं कापसाची मोठी बाजारपेठ.

यवतमाळ मात्र राहिलं. त्या जिल्ह्याचं नावच तेव्हा वणी जिल्हा होतं, १९०५ ला ते बदलून यवतमाळ झालं. जिल्ह्याचं ठाणं यवतमाळ, कापूस भरपूर, जिनिंग-प्रेसिंग आलेलं, पण सगळ्यात जवळचं रेल्वे स्टेशन म्हणजे धामणगाव, सुमारे ४५ किलोमीटर. वेचणी दसरा-दिवाळीनंतर सुरू होते आणि पुढचे तीन-चार महिने माल बाजारात येत राहतो, त्या सगळ्या हंगामात यवतमाळ-धामणगाव रस्त्यावर बैलगाड्यांची रांग. गंमत नाही, आजही यवतमाळच्या माणसाला मुंबईला यायचं असेल तर तो बहुतेक वेळा धामणगावलाच जातो, गाडी पकडायला. शंभरहून जास्त वर्षं झाली तरी हे बदललेलं नाही, आणि माझ्या मते यवतमाळच्या रेल्वेबद्दल दुसरं काही सांगितलं नाही तरी हे एवढं सांगितलं पाहिजे.

आता मुंबईचा भाग. इंग्रज सरकारला मेन लाईनवर खर्च करायचा होता, फाट्यांवर नाही. म्हणून त्यांनी १८९० नंतर खासगी कंपन्यांना आमंत्रण दिलं की तुम्ही भांडवल उभं करा, फाटा टाका, आमची मोठी रेल्वे तो चालवेल, कमाईतला ठरलेला हिस्सा कापून घेईल आणि बाकी तुम्हाला देईल, शिवाय तुमच्या भागधारकांना एका ठरावीक दरानं परतावा मिळेल याची सोय पण करू. जमीन सरकार देणार, डबे-इंजिन आणि माणसं जीआयपीची, कंपनीकडे फक्त भांडवल आणि मालकी. कंपनीला प्रत्यक्ष रेल्वे चालवायचीच नव्हती. हे नीट लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं यातून निघतं.

या धंद्यात उतरलेल्या मोठ्या फर्मांपैकी एक म्हणजे किलिक निक्सन. १८५७ ला मुंबईत सुरू झालेली, इंग्रज व्यापाऱ्यांनी काढलेली मॅनेजिंग एजन्सी, फोर्टमध्ये होम स्ट्रीटवर त्यांचं किलिक हाऊस. मॅनेजिंग एजन्सी म्हणजे काय तर वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या कागदावर स्वतंत्र, पण सगळ्यांचा कारभार एकाच ऑफिसातून. सुरतेहून खानदेशात येणारी तापी व्हॅली रेल्वे यांच्या एजन्सीखाली, दादरची कोहिनूर मिल यांच्या एजन्सीखाली. जिथं आता कोहिनूर स्क्वेअरचा टॉवर उभा आहे तिथली ती गिरणी. म्हणजे कापूस वाहणारी रेल्वे आणि कापूस कातणारी गिरणी यांचे हिशेब एकाच छपराखाली लिहिले जायचे. १९१० मध्ये किलिक निक्सननं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली, आणि पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे मूर्तिजापूरचे दोन्ही फाटे सुरू झाले. कागदावर त्याचं नाव एलिचपूर-यवतमाळ रेल्वे, एलिचपूर म्हणजे आपलं अचलपूर. वर्ध्याकडचा पुलगाव-आर्वी फाटा पण याच कंपनीचा. दारव्ह्याहून पुसदकडे आणखी एक फाटा निघायचा, तो शकुंतलेच्या कितीतरी आधी उखडला गेला.

नॅरोगेज का, हा प्रश्न बरेच जण विचारतात. उत्तर सरळ आहे, स्वस्त पडतं. १८९७ ला सुरू झालेल्या बार्शी लाईट रेल्वेनं अडीच फुटी गेजवर चांगला माल वाहता येतो हे आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध करून दाखवलं होतं, रूळ हलके, पूल लहान, वळण आवळ घेता येतं, भरावाचा खर्च कमी. भांडवल घालणाऱ्याला परतावा लवकर हवा असतो तेव्हा हा हिशेब चोख होता. पण या स्वस्ताईची किंमत मूर्तिजापूरला रोज मोजावी लागायची.

ती कशी ते बघा. जिनमध्ये कापसातून सरकी वेगळी होते, उरते ती रुई, रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधतात. गाठ म्हणजे तागाच्या बारदानात गुंडाळलेला आणि लोखंडी पट्ट्यांनी आवळलेला दगडासारखा टणक ठोकळा, जुन्या मापानं ३९२ पौंड, म्हणजे साधारण १७८ किलो. यवतमाळच्या प्रेसमधून ती बैलगाडीवर चढायची, स्टेशनात उतरायची, नॅरोगेजच्या छोट्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, चढायची, ११३ किलोमीटरनंतर मूर्तिजापूरला परत उतरायची, आणि शेजारच्या ब्रॉडगेजच्या मोठ्या वाघिणीत परत चढायची, कारण ७६२ मिलिमीटरचा डबा १६७६ मिलिमीटरच्या रुळांवर जाऊच शकत नाही. हे सगळं हमालांच्या अंगावर. हातात लोखंडी आकडा, तो बारदानात रुतवायचा, दोघा-चौघांनी मिळून गाठ कलती करायची आणि फळीवरून वर लोटायची. पुढे मुंबईत पोचल्यावर गोदीत किंवा गोदामात परत उतरवणं आलंच. जोपर्यंत समोर बैलगाडी हाच पर्याय होता तोपर्यंत हा खर्च कोणाला जाणवला नाही. ट्रक आल्यावर जाणवला, आणि तो असा जाणवला की परत रेल्वेकडे कोणी वळलं नाही.

कापूस मुंबईहून कुठं जायचा याबद्दल पण एक सरधोपट गोष्ट सांगतात, यवतमाळचा कापूस मँचेस्टरला जायचा म्हणून इंग्रजांनी रेल्वे टाकली. हे अर्धंच खरं आहे. हिंदुस्थानी कापसाचा धागा आखूड, लँकेशायरला अमेरिकेचा लांब धाग्याचा कापूस आवडायचा, युद्धामुळे तो बंद होता तेवढ्यापुरतं त्यांचं आपल्याशी काम. शकुंतला सुरू झाली त्या काळात मुंबई बंदरातून कापूस उचलणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक जपान होतं, त्याखालोखाल युरोपातले बाकीचे देश, आणि उरलेला मोठा हिस्सा आपल्या गिरणगावात, भायखळ्यापासून दादरपर्यंतच्या गिरण्यांत. आधी हा व्यवहार कुलाब्याला चालायचा, मग १९२० च्या दशकात तो शिवडीच्या बाजूला हलवला, पोर्ट ट्रस्टच्या रेल्वेनं वाघिणी थेट गोदामांच्या दारात यायच्या. हार्बर लाईनवर रे रोडच्या पुढचं स्टेशन आजही कॉटन ग्रीनच आहे. रोज हजारो माणसं तिथं चढतात-उतरतात.

माझे वडील परळच्या एका गिरणीत ब्लो खात्यात होते. ब्लो खातं म्हणजे जिथं गाठी फोडतात ते, गिरणीत कापूस पहिल्यांदा मोकळा होतो तिथं. आण्णा सांगायचे की पट्टी तोडल्यावर गाठ अंग सोडते, आवळलेली रुई हळूहळू फुगत वर येते, आणि तिच्यात कुठं काडी-कचरा, पानाचा चुरा, कधी कधी सरकीचा अख्खा दाणा सापडतो, त्यावरून जुनी माणसं माल कुठल्या बाजूचा ते ओळखायची, हा खानदेशी, हा वऱ्हाडी. बारदानावर प्रेसची खूण रंगवलेली असायची ती वाचायची कोणाला गरज पडायची नाही. आण्णांनी यवतमाळ कधी पाहिलं नाही. पण ज्या गावातून शकुंतलेनं माल आणला त्याची रुई त्यांच्या नाकातोंडात रोज जायची, संध्याकाळी घरी आले की भुवया पांढऱ्या. गिरणगाव आणि वऱ्हाड यांचं नातं सांगताना लोक कोकण, घाट, कामगार चळवळ सगळं सांगतात आणि कापूस कुठून आला हे सांगायचं राहून जातं, ही मला मोठी उणीव वाटते.

असो. शकुंतलेचं जे इंजिन सगळ्यांना आठवतं ते झेडडी जातीचं वाफेचं इंजिन, १९२१ ला मँचेस्टरमध्ये बनलेलं. १९२३ पासून ते या फाट्यावर धावलं आणि १५ एप्रिल १९९४ ला काढून घेतलं, मग डिझेल आलं. सत्तर वर्षं एकाच लाईनवर. त्या काळात गाडीचं स्वरूप पूर्ण बदलून गेलं होतं, मालगाडी म्हणून जन्मलेली गाडी माणसांची झाली होती. आठवडी बाजाराला जाणाऱ्या बाया, भाजीच्या टोपल्या, कॉलेजची पोरं, मजुरीला निघालेली कुटुंबं, लग्नाची वऱ्हाडं. एसटीच्या मानानं भाडं अगदीच कमी, आणि कित्येक खेड्यांना पावसाळ्यात दुसरं साधनच नव्हतं. कंपनीनं हिशेब मांडला होता गाठींचा, पण ती गाडी तगली ती या माणसांमुळे.

आता मालकी. १९२०-२१ ला रेल्वेच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या ॲकवर्थ समितीनं स्पष्ट म्हटलं होतं की सरकारकडे पैसा नसेल तरच अशा खासगी फाटा-कंपन्यांना उत्तेजन द्यावं, एरवी त्यांची संख्या वाढवू नये, उलट कमी करावी. त्यानंतर काही वर्षांतच नव्या फाटा-कंपन्यांचं धोरण सरकारनं गुंडाळलं. १९२५ ला जीआयपी स्वतः सरकारच्या कारभाराखाली आली. पण आधीच झालेले करार तसेच राहिले. स्वातंत्र्यानंतर ५ नोव्हेंबर १९५१ ला जीआयपी आणि निजामाची रेल्वे वगैरे एकत्र करून मध्य रेल्वे तयार झाली, आणि इथं नेमकं काय झालं ते समजून घ्या. सरकारनं जीआयपी घेतली म्हणजे शकुंतला चालवणारी रेल्वे घेतली. पण शकुंतलेचे रूळ जीआयपीचे नव्हतेच, ते किलिकच्या कंपनीचे. बार्शी लाईट रेल्वे १९५४ च्या सुरुवातीला सरकारनं रीतसर विकत घेतली. मूर्तिजापूरच्या फाट्याचं तसं झालं नाही. जीआयपीच्या जागी मध्य रेल्वे आली, करार तोच, दर दहा वर्षांनी तो पुढे चालू राहिला.

किलिक निक्सनबद्दल पण एक गोष्ट साफ करायला हवी. इंग्रजांनी काढलेली फर्म असली तरी ती मुंबईची फर्म होती, आणि स्वातंत्र्यानंतर भारतीय मालकांच्या हातात आली. १९७० ला मॅनेजिंग एजन्सीची पद्धतच कायद्यानं बंद झाली. तरीही शकुंतलेच्या रुळांचा मालक म्हणून कंपनीचा हक्क कागदावर उभाच होता, आणि वर्षाला १ कोटी २० लाख रुपये देणं लागतं हा जो आकडा बातम्यांमध्ये येत राहिला तो या कंपनीच्या हिश्श्याचा. विलायतेला जाणारी खंडणी म्हणून जे सांगितलं जातं ते असं आहे. राष्ट्राभिमान दुखावणारी गोष्ट म्हणून हे सांगितलं की ऐकणारा चिडतो, पण ज्यावर चिडायला हवं ते बाजूला राहतं. ज्यावर चिडायला हवं ते हे, की गाडी चालवणारा वेगळा आणि रुळांचा मालक वेगळा, त्यामुळे जुने स्लीपर बदलायचे, पूल मजबूत करायचे, खडी टाकायची, हा खर्च करायचा कोणी याचं उत्तर पन्नास-साठ वर्षं कोणी दिलंच नाही. रेल्वे म्हणणार लाईन आमची नाही, आम्ही त्यात पैसा का घालू, त्यात तोट्यात चाललीये. कंपनी म्हणणार आमच्या वाट्याला येतं ते एवढंसं, त्यात आम्ही काय करणार. दोघंही आपापल्या जागी कागदावर बरोबर आणि मधे लाईन झिजत गेली. माझ्या मते शकुंतला १९५० च्या दशकातच वाचवता आली असती, बार्शीसारखी विकत घेऊन, तेव्हा कापूस अजून रेल्वेनं जात होता, उत्पन्न होतं.

पुढे ते उत्पन्नही गेलं. ट्रक प्रेसच्या दारातून गाठी उचलून थेट गिरणीच्या दारात नेऊन टाकायला लागला, मूर्तिजापूरची हमाली वाचली, दोन दिवस वाचले. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, कापूस खरेदी पणन महासंघामार्फत, खरेदी केंद्रं रस्त्यांना धरून, वाहतूक ट्रकनं. आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर गिरणगावात कापसाची मागणी परत कधी पूर्वीसारखी झालीच नाही. आमच्या घरात त्या संपाचं काय झालं ते इथं लिहीत नाही. पण ज्या गिरण्यांसाठी ही लाईन टाकली त्या बंद पडत गेल्या, आणि त्याच वर्षांत ती लाईनही म्हातारी होत गेली, हे मला एकाच गोष्टीचे दोन भाग वाटतात. मुंबईत गिरण्यांच्या जागेवर निदान टॉवर उभे राहिले. यवतमाळच्या स्टेशनात गवत वाढलं.

शेवटच्या वर्षांत ही गाडी कशी चालायची ते सांगितलंच पाहिजे कारण ज्यांनी पाहिलं नाही त्यांचा विश्वास बसत नाही. वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. अचलपूर ते मूर्तिजापूर ७६ किलोमीटरला चार तास. लाईनवर सात माणसांचा स्टाफ सगळं बघायचा, मधल्या बहुतेक स्टेशनांवर रेल्वेचा माणूसच उरलेला नव्हता, तिकिटं गार्ड फाडायचा. रस्त्याचं फाटक आलं की गाडी अलीकडे थांबायची, गाडीतूनच प्रवास करणारा फाटकवाला खाली उतरायचा, चालत पुढे जायचा, दोन्ही बाजूंनी फाटक लावायचा, हिरवी झेंडी दाखवायचा, गाडी फाटकाच्या पलीकडे जाऊन परत थांबायची, हा फाटक उघडायचा, अडकलेल्या मोटारसायकली आणि बैलगाड्या सोडायचा आणि पळत येऊन डब्यात चढायचा. पुढच्या फाटकावर परत तेच. मूर्तिजापूरच्या जुन्या सिग्नलवर लिव्हरपूल, १८९५ असं ओतलेलं वाचायला मिळायचं. बाहेरून येणारे त्याचे फोटो काढायचे. गाडीतल्या माणसाला त्याचं काही नवल नव्हतं, त्याला वेळेवर दर्यापूरला पोचायचं होतं. मला तर त्या फाटकवाल्यांचं आणि गार्डांचं फार कौतुक वाटतं, पन्नास वर्षं कोणी पैसा न घातलेली लाईन त्यांनी हातानं, पायानं चालवून दाखवली, आणि त्यांची नावं कुठल्याही इतिहासात येणार नाहीत.

गेल्या दशकात आधी यवतमाळची बाजू थांबली आणि नंतर अचलपूरची. मधे लोकांनी मागणी लावून धरल्यावर गाडी परत सुरू पण झाली होती, पण रुळांची अवस्था अशी की सुरक्षेचं कारण काढलं की बंद. २०१६ ला सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ब्रॉडगेज करायला सुमारे १५०० कोटींची मंजुरी जाहीर झाली. जाहीर झाल्यावर पेढे वाटले गेले. पण परत तोच जुना प्रश्न समोर उभा, ज्या लाईनीची मालकी पूर्ण आपली नाही तिच्यावर एवढा खर्च कसा टाकायचा. अचलपूर-दर्यापूर भागात लोकांनी गाडीसाठी आंदोलनं केली, मोर्चे काढले, सत्याग्रह केला.

दरम्यान यवतमाळला रेल्वे दुसऱ्याच दिशेनं येतेय. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा ब्रॉडगेज प्रकल्प, त्यातला वर्धा ते कळंब टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला, यवतमाळच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते. कळंबहून यवतमाळ फार लांब नाही. ती लाईन पुढे दारव्हा, दिग्रस, पुसदवरून नांदेडला जाणार. यवतमाळ जिल्ह्यासाठी ही उत्तमच गोष्ट आहे, धामणगावचा हेलपाटा एकदाचा संपेल. पण मधे जी गावं शंभर वर्षं शकुंतलेच्या भरवशावर होती त्यातली कारंजा, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर या नव्या लाईनीवर येत नाहीत. त्यांना रेल्वे मिळायची असेल तर मूर्तिजापूरचाच फाटा ब्रॉडगेज व्हायला हवा, आणि त्यासाठी आधी १९१० च्या कंपनीचा हक्क काय तो किंमत देऊन मिटवावा, मग रुळांचं बोलावं. अचलपूरच्या लोकांची मागणी एवढीच आहे.